वरची दाढ काढल्यावर त्याच खड्ड्यात लगेच इम्प्लांट: बसवावं की थांबावं?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच स्वतःसाठी धागा काढतेय.

माझी वरच्या जबड्यातली उजवीकडची पहिली मोठी दाढ, सहाव्या वर्षाच्या सुमारास येते ती, काढावी लागणार आहे. नऊ वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनॉल झालं, वर कॅप बसली आणि मी तिला विसरून गेले. गेले चार महिने मात्र एका ठरावीक कोनात चावलं की कळ जायची. हिरडीवर टाचणीच्या डोक्याएवढी पुळी यायची, फुटायची, आठवड्याने पुन्हा यायची. डॉक्टरांनी कॅप काढून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, निळा रंग सोडला आणि गालाकडच्या पुढच्या मुळावर उभी निळी रेघ उमटली. मूळ उभं चिरलंय. स्क्रीनवर ती रेघ मी स्वतः पाहिली, त्यामुळे दाढ वाचणार नाही हे मी मान्य केलंय.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं, दाढ काढू आणि त्याच बैठकीत इम्प्लांटचा स्क्रू, म्हणजे नव्या दाताला आधार देणारा, हाडात बसवू. दुसऱ्यांचं म्हणणं, दाढ काढू, खड्डा भरू देऊ, चार महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू आणि मग इम्प्लांट. दोघंही अनुभवी आहेत, दोघांनीही शांतपणे समजावलं. पण दोन उत्तरं ऐकून मी मध्येच अडकले आहे.

सीबीसीटी स्कॅनच्या, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेच्या, अहवालात लिहिलंय की तिन्ही मुळांच्या मधल्या हाडाची रुंदी ३.५ मिमी आहे, तिथून वर सायनसच्या (दाढांच्या वर, नाकाशेजारी असलेली हवेची पोकळी) तळापर्यंत ८ मिमी हाड आहे आणि टाळूकडच्या मुळाचं टोक सायनसला टेकलंय. मला मधुमेह नाही, सिगारेट ओढत नाही. ज्यांनी यातून गेलंय त्यांनी आणि इथल्या डॉक्टर मंडळींनी कृपया लिहा.

काजवा

माझी डावीकडची वरची पहिली दाढ काढली त्याच दिवशी स्क्रू बसवला होता. वर एक रुंद धातूची टोपी लावली, ती हिरडीच्या बरोबरीने दिसायची. दुखणं दोन दिवस, सूज थोडी. पाच महिन्यांनी कॅप बसली, तिला आता तीन वर्षं झाली. पुन्हा पुन्हा भूल आणि पुन्हा पुन्हा टाके वाचले याचं मला फार बरं वाटलं. माझं मत लगेच बसवण्याकडे.

मुळाक्षर

पहाटवारा ताई, मी दंतवैद्य आहे, इम्प्लांटची कामं नेहमी करतो. तुमचं तोंड न बघता अमुक करा असं सांगणं बरं नव्हे, पण दोन डॉक्टर दोन मतं का देतात हे सांगू शकतो. तुमच्या बाबतीत दोघंही चूक नसावेत.

वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळं असतात. दोन गालाकडे, एक टाळूकडे. चिखलात रुतलेली तिपाई डोळ्यांपुढे आणा. ती उपटली की तीन खड्डे राहतात आणि तिन्हींच्या मधोमध चिखलाचा एक उंचवटा. दाढेच्या जागी तो उंचवटा हाडाचा असतो, आम्ही त्याला सेप्टम म्हणतो. पुढच्या एकमुळी दाताचा खड्डा इम्प्लांटच्या आकाराशी बराच जुळतो. दाढेचं तसं नाही. तोंडाशी खड्डा ८ ते १० मिमी रुंद आणि नेहमीचा इम्प्लांट ५ मिमीच्या आसपास. मग त्या स्क्रूला धरून ठेवणार कोण? सेप्टम. सगळा निर्णय त्या एवढ्याशा हाडावर येऊन ठेपतो.

स्मिथ आणि टार्नो यांनी २०१३ साली दाढेच्या खड्ड्यांचे तीन प्रकार मांडले, ते आम्हा लोकांच्या बोलण्यात रोज येतात. पहिल्या प्रकारात सेप्टम इतका जाड की स्क्रू चहूबाजूंनी त्याच्याच आत बसतो. दुसऱ्या प्रकारात सेप्टम स्क्रूला पक्का धरतो, पण पूर्ण झाकत नाही, एखाद-दुसऱ्या बाजूला मुळाच्या खड्ड्यात स्क्रू उघडा दिसतो. तिसऱ्या प्रकारात सेप्टम नसल्यात जमा, मग स्क्रूला पकड घ्यायला खड्ड्याच्या बाहेरच्या भिंतीच उरतात.

तुमचा ३.५ मिमीचा आकडा वाचून मला दुसरा प्रकार वाटतो. म्हणजे होऊ शकतं, पण दाढ निघताना सेप्टम शाबूत राहिला तरच. स्कॅन काढताना दाढ जागेवर असते. ती निघाल्यावर मागे काय उरतं ते कोणताही स्कॅन आधी सांगत नाही. म्हणून मी माझ्या प्रत्येक रुग्णाला एकच सांगतो: त्या दिवशी खुर्चीत बसताना दोन्ही तयारी करून बसा. स्क्रू बसेल किंवा बसणार नाही, आणि न बसवता थांबणं हाही त्या दिवसाचा ठरवलेलाच शेवट असला पाहिजे. संमतीच्या कागदावर दोन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. तुमच्या पहिल्या डॉक्टरांना विचारा, "खड्डा मनासारखा निघाला नाही तर तुम्ही काय कराल?" या प्रश्नाला त्यांच्याकडे तयार उत्तर असेल तर तुम्ही चांगल्या हातात आहात.

पहाटवारा

मुळाक्षर डॉक्टर, तिपाईमुळे पहिल्यांदा चित्र डोळ्यांसमोर आलं. दोन महिने मी सेप्टम हा शब्द नुसता ऐकत होते.

एक विचारू? मधलं हाड शाबूत राहावं म्हणून काढताना काही वेगळं करतात का? माझ्या मनात दाढ काढणं म्हणजे पक्कड आणि जोर.

मुळाक्षर

पक्कड आणि जोर तर इथे अजिबात नको. तीन पाय तीन दिशांना फाकलेले असताना एकत्र ओढले तर मधलं हाड तरी मोडतं नाहीतर गालाकडची भिंत तरी, आणि ती भिंत कित्येकदा कागदासारखी पातळ असते.

आधी दाढेचा वरचा भाग हिरडीच्या पातळीला कापून टाकतात. मग बारीक ड्रिलने तिन्ही मुळं एकमेकांपासून सोडवतात, जणू तिपाईचे पाय वेगळे केले. त्यानंतर प्रत्येक मूळ पातळ पात्याच्या हत्याराने स्वतंत्रपणे, ते ज्या दिशेने सुटायला तयार आहे त्या दिशेने काढतात. यात वेळ जातो. माझी वीस-पंचवीस मिनिटं नुसती मुळं काढण्यात जातात आणि त्यातलं एक मिनिटही वाया जातं असं मला वाटत नाही.

आणखी एक पद्धत मला स्वतःला फार आवडते. मुळं जागेवर असतानाच, ती जिथे फुटतात त्या मधल्या जागेतून इम्प्लांटसाठीचं भोक सेप्टममध्ये करून घ्यायचं आणि मग मुळं काढायची. सेप्टमचा माथा निमुळता असतो. मुळं काढून टाकल्यावर त्यावर ड्रिल टेकवलं की ते घसरतं, बहुतेक वेळा टाळूकडच्या खड्ड्यात जातं. मुळं असताना तीच ड्रिलला तिन्ही बाजूंनी धरून ठेवतात.

स्क्रू फिरवताना तो किती ताकदीने घट्ट होतो ते यंत्रावर दिसतं. साधारण ३० ते ३५ न्यूटन सेंटीमीटर मिळाले तर मी समाधानी असतो. स्क्रू आणि खड्ड्याची भिंत यांत मोठी फट राहिली, ढोबळ मानाने २ मिमीच्या वर, तर तिथे हाडाची भुकटी भरतो. वर रुंद टोपी, काजवा यांनी लिहिली तशी. खड्ड्याचं तोंड ती टोपीच झाकते, हिरडी ओढून शिवावी लागत नाही. दाढेवर त्याच दिवशी दात मात्र मी लावत नाही. चावण्याचा सगळा भार तिथे येतो.

ओंजळ

मी हिरडीरोगतज्ज्ञ आहे. मुळाक्षर यांचं लिखाण नेहमीप्रमाणे स्वच्छ आहे आणि दोन्ही तयारी करून बसा या सल्ल्याला माझं पूर्ण अनुमोदन. पण माझा कल थांबण्याकडे आहे, त्याचं कारण सविस्तर लिहिते.

वरच्या जबड्याचा मागचा भाग हे तोंडातलं सगळ्यात भुसभुशीत हाड. लेकहोम आणि झार्ब यांनी १९८५ साली हाडाचे चार वर्ग केले, त्यातला चौथा बहुधा इथेच भेटतो: बाहेर पातळसं कवच आणि आत विरळ जाळी. त्याच्यावर सायनसची पोकळी. म्हणजे स्क्रूला खाली खड्डा, वर पोकळी आणि मध्ये स्पंजासारखं हाड. याच दाढेला लगेच बसवायचं तर चुकीला जागा फार कमी उरते.

इम्प्लांटची सुरुवातच थांबण्यातून झाली. स्वीडनचे पर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेलं दिसलं, आणि माणसाच्या तोंडात पहिला इम्प्लांट त्यांनी बसवला १९६५ साली. त्यांची पद्धत म्हणजे जखम आधी पूर्ण भरू द्यायची, स्क्रू हिरडीखाली झाकून ठेवायचा, खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने. दुप्पट वेळ वरच्या जबड्यालाच का, ते वर लिहिलं आहे. लगेच बसवण्याची कल्पनाही जुनीच आहे, जर्मनीत ट्युबिंगेनला विली शुल्टे यांनी ती १९७० च्या दशकात करून दाखवली, पण ती पुढच्या दातांसाठी.

लगेच बसवण्याच्या बाजूने एक गोष्ट रुग्णांना सर्रास सांगितली जाते आणि ती मला खटकते. "आत्ता स्क्रू बसवला की हाड झिजायचं थांबतं." तसं होत नाही. दाढ गेली की गालाकडची भिंत खचते, आत स्क्रू असो वा नसो. आराउजो आणि लिंडे यांनी २००५ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात हे स्पष्ट दाखवलं. झीज किती, तर मोठ्या दाढा आणि उपदाढांच्या २००३ मधल्या एका अभ्यासात वर्षभरात हाडाची रुंदी जवळपास निम्मी झाली होती, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणून लगेच बसवायचं असेल तर वेळ वाचावा, एक शस्त्रक्रिया वाचावी म्हणून जरूर बसवा. हाड वाचेल म्हणून नको.

आणि ताईंच्या हिरडीवर पुळी आहे. चिरलेल्या मुळाच्या बाजूने गालाकडचं हाड वरपासून खालपर्यंत अरुंद पट्टीत खाल्लं गेलेलं असतं. ते स्कॅनमध्ये नीट दिसतंच असं नाही, कारण आधीच्या रूट कॅनॉलच्या भरावामुळे चित्रात रेघोट्या येतात. तेवढी भिंत नसेल तर मी स्वतः आठ आठवडे थांबेन. हिरडी बंद होते, पू आटतो, आणि हाड फार झिजलेलंही नसतं. लगेच आणि चार महिने यांच्यामध्ये हाही एक मुक्काम आहे, तो फारसा कुणी सांगत नाही.

काजवा

ओंजळ ताई, धन्यवाद. हाड वाचतं हेच मलाही सांगितलं होतं आणि मी ते पुढे चार जणांना सांगितलं. आता सुधारून सांगेन.

नदीकाठ

हा धागा मला दोन वर्षांपूर्वी सापडायला हवा होता.

माझी वरची डावीकडची पहिली दाढ. मला सांगितलं गेलं की एका तासात दाढ बाहेर, स्क्रू आत, काम संपलं. बसणार नाही अशी शक्यता कुणी बोललंच नाही. दाढ काढायला वेळ लागला, खूप ओढाओढ झाली. मग बराच वेळ डॉक्टर आणि त्यांची सहायक यांच्यात हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मला काही विचारलं नाही. स्क्रू बसला असं सांगून घरी पाठवलं.

पाच आठवडे काहीही दुखलं नाही, हे मुद्दाम लिहितो. सहाव्या आठवड्यात दात घासताना ब्रशचा धक्का लागला आणि ती धातूची टोपी जिभेला हललेली जाणवली. जिभेने दाबलं की किंचित आत जायची, सोडलं की परत. तपासायला गेलो तेव्हा टोपी उघडायला पाना लावला आणि त्याच्याबरोबर सगळा स्क्रूच फिरला. चिमट्यात धरून बाहेर आला. चकचकीत, स्वच्छ, जसा पाकिटातून काढला असेल तसा. त्याला हाड चिकटलेलंच नव्हतं.

पुढे दुसरीकडे गेलो. तोवर हाड फक्त ३ मिमी उरलं होतं. गालाच्या बाजूने हाडात खिडकी करून सायनसचा पडदा वर उचलला, खाली भुकटी भरली, सात महिने थांबलो आणि मग इम्प्लांट. आज तो उत्तम आहे. पण राग अजून गेलेला नाही. मला हवं होतं ते एकच वाक्य, की "आज जमेल असं वाटत नाही, थांबूया का?" मी लगेच हो म्हटलं असतं.

मुळाक्षर

नदीकाठ दादा, वाचून वाईट वाटलं. त्या खोलीत मी नव्हतो, त्यामुळे का निसटला हे सांगणार नाही. पण सहावा आठवडा का, एवढं सांगतो. पहिल्या दिवशीची पकड ही नुसती यांत्रिक असते, लाकडात खिळा घट्ट बसावा तशी. मग शरीर ड्रिलने दुखावलेलं जुनं हाड काढून नवं घालायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास जुनी पकड सैल झालेली असते आणि नवं हाड अजून कोवळं. सुरुवातीची पकड भक्कम असेल तर हा घाट पार होतो. मुळात कमी असेल तर स्क्रू सूक्ष्मसा हलत राहतो आणि भोवती हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात. म्हणून दुखत नाही. म्हणूनच रुग्णालाही कळत नाही.

आणि तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या कनिष्ठ डॉक्टरांना वाचून दाखवणार आहे.

सांजसावली

सायनसचं वाचून मनात धस्स झालं. मला वर्षभर उजव्या नाकपुडीतून घाण वास आणि पिवळा स्राव यायचा. फक्त उजवी बाजू. सर्दीची औषधं झाली, वाफा झाल्या. शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनीच दाढेचा स्कॅन करायला पाठवलं. रूट कॅनॉल झालेल्या दाढेचं एक मूळ आतून अजून सडत होतं. अशा दाढेच्या जागी लगेच इम्प्लांट करतात का?

मुळाक्षर

एकाच बाजूचा सायनस आणि दुर्गंधी असली की वरच्या दाढा तपासाव्यात, तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं. गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकांना दुसरी एक नळी असते, इतकी बारीक की मायक्रोस्कोपशिवाय सापडणं कठीण. ती राहून गेली की वर्षानुवर्षं जंतू तिथे तग धरतात. तुम्हाला आधी हे विचारायला हवं की ती नळी शोधून पुन्हा रूट कॅनॉल करता येईल का. मूळ चिरलेलं नसेल तर दाढ वाचवण्याचा प्रयत्न आधी.

ती काढावीच लागली तर सायनस पेटलेला असताना मी इम्प्लांट बसवत नाही. दाढ काढायची, सायनस पूर्ण निवळू द्यायचा आणि नाकाच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावर पुढचं पाऊल. सायनसचा पडदा निरोगी असताना १ मिमीहूनही पातळ असतो, सुजला की जाड होतो. मुळाचं टोक आणि तो पडदा यांच्यात काही वेळा हाडच नसतं. मूळ निघालं की तोंड आणि सायनस यांच्यात वाट पडू शकते. ती लहान असेल तर नीट झाकून, टाके घालून भरून येते. पकड नसलेला इम्प्लांट त्या वाटेने वर सायनसमध्ये सरकल्याच्या घटना आहेत आणि मग तो काढायला वेगळी शस्त्रक्रिया लागते.

साचा

मी दातांच्या लॅबमध्ये कॅप बनवतो, डॉक्टर नाही. तरी एक गोष्ट लिहावीशी वाटते, कारण ती रुग्णाला दिसत नाही आणि आमच्या टेबलावर रोज दिसते.

माझ्याकडे प्लॅस्टरचा साचा येतो, त्यात स्क्रूचं तोंड कुठे उघडतं ते कळतं. ते दाढेच्या बरोबर मध्यावर असलं की कॅप आपोआप सुंदर बनते. पण काही साचे असे येतात की स्क्रू टाळूकडे सरकलेला. डॉक्टरांनी वर सांगितलं ते ड्रिल घसरणं हेच असावं. टाळूकडच्या मुळाचा खड्डा आयता मिळतो आणि स्क्रू त्यात जातो. मग खालच्या दाढेला भिडण्यासाठी मला कॅपचा गालाकडचा भाग छज्जासारखा बाहेर काढावा लागतो. त्याच्याखाली ब्रश पोचत नाही. आणि चावण्याचा भार स्क्रूच्या सरळ रेषेत न येता बाजूला येतो. दोन-तीन वर्षांनी त्याच रुग्णाचा साचा दुरुस्तीला परत आला की मी ओळखतो. कॅप धरून ठेवणारा आतला बारीक स्क्रू सैल झाला असतो, नाहीतर हिरडी लाल होऊन मागे गेलेली असते.

ताई, स्क्रू दाढेच्या मध्यावर येईल का, एवढं नक्की विचारा.

ओंजळ

साचा, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. जो खड्डा मिळाला त्यात स्क्रू बसवायचा की जिथे कॅप यायची तिथे, हा फरक माझ्या विद्यार्थ्यांना समजायला वर्ष जातं.

मुळाक्षर, तुम्हाला एक थेट प्रश्न. तिसऱ्या प्रकारच्या खड्ड्यात ७-८ मिमी जाडीचे इम्प्लांट बसवतात, खड्डा पूर्ण भरून टाकणारे. तुम्ही वापरता का?

मुळाक्षर

आधी वापरायचो, आता जवळपास नाही. जाड इम्प्लांट भिंतींना टेकून घट्ट बसतो हे खरं, त्या दिवशी फार छान वाटतं. पण गालाकडच्या पातळ भिंतीला तो टेकला की ती भिंत पुढे विरघळते आणि धातू हिरडीतून डोकावतो. शिवाय तो निसटला तर मागे जो खड्डा राहतो तो भरायला वर्ष जातं. सेप्टम नसेल तर मी थांबतो.

ओंजळ

मग आपलं मतभेदाचं क्षेत्र फारच लहान आहे. पहिला प्रकार असेल तर मीही लगेच बसवते. भांडण फक्त दुसऱ्या प्रकाराचं.

मुळाक्षर

हो. आणि दुसऱ्या प्रकारात हात किती सरावलेला आहे त्यावर बरंच अवलंबून, हेही कबूल करतो. ज्यांनी लगेच बसवण्याची मोजकीच कामं केली आहेत त्यांनी ती पुढच्या दातांवर करावीत, वरच्या दाढेवर नाही.

पानगळ

आईला हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्यातून एक गोळी चालू आहे, पाच वर्षं झाली. तिचीही वरची दाढ काढायची आहे. काही अडचण?

ओंजळ

दाढ काढण्याआधी दंतवैद्यांना आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना, दोघांनाही सांगा. या गटातल्या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून भरून येत नाही. गोळीपेक्षा कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेच्या इंजेक्शनांमध्ये धोका बराच जास्त. गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि काही जणांना सहा महिन्यांनी एक इंजेक्शन असतं, ते तर परस्पर चुकवू नकाच, त्याने मणका मोडण्याचा धोका वाढतो. आईंच्या बाबतीत लगेच इम्प्लांटचा विचार बाजूला ठेवून आधी दाढेची जागा सुखरूप भरू द्यावी असं मला वाटतं.

पहाटवारा

मंडळी, सगळ्यांचे प्रतिसाद छापून नेले होते. मी पहिल्या डॉक्टरांकडेच गेले. मुळाक्षर यांनी सांगितलेला प्रश्न विचारला. त्यांनी कागद ओढला, तीन गोल काढले, मध्ये एक छोटा त्रिकोण काढला आणि म्हणाले, हा त्रिकोण मोडला तर मी थांबेन, खड्डा भुकटीने भरेन आणि तुम्हाला चार महिन्यांनी बोलवेन. संमतीच्या कागदावर दोन्ही लिहिलेलं होतं. साचा यांचा प्रश्नही विचारला. त्यांनी संगणकावर आधी कॅप ठेवून तिच्याखाली स्क्रू ठेवलेला दाखवला. माझं मन तिथेच निश्चिंत झालं.

काल दाढ काढली. आधी टाळूकडचं मूळ सहज निघालं. चिरलेलं मूळ दोन तुकड्यांत आलं. मागचं मूळ मात्र टोकाशी वाकडं होतं आणि ते सुटताना सेप्टमचा एक बाजूचा भाग त्याच्याबरोबर आला. डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवलं, मला आरसा दिला आणि गॉजवर ते मूळ ठेवून दाखवलं. पिवळसर मूळ आणि त्याला चिकटलेला नखाएवढा पांढरा हाडाचा पापुद्रा. इतके दिवस ज्याच्याबद्दल वाचत होते ते हाड एवढंसं. गालाकडची भिंतही ओंजळ ताई म्हणाल्या तशीच निघाली, पुळीच्या जागी वरपासून खालपर्यंत चीर पडल्यासारखी पट्टी नव्हतीच.

ते म्हणाले, "आज थांबूया." मी अंगठा वर केला, तोंड बधिर होतं. खड्डा खरवडून धुतला, भुकटी भरली, वर पातळ पडदा ठेवून आडवेतिडवे टाके घातले. घरी येताना मी निराश असेन असं वाटलं होतं, पण नाही. नदीकाठ दादा, त्या क्षणी तुमची फार आठवण आली.

नदीकाठ

ताई, तुम्हाला विचारलं गेलं हे वाचून बरं वाटलं. नीट विश्रांती घ्या.

मुळाक्षर

उत्तम निर्णय झाला. दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. स्ट्रॉने काही ओढून प्यायचं नाही. चूळ भरताना तोंडात पाणी जोरात खळखळवू नका, नुसतं फिरवून सोडा.

पहाटवारा

आज नववा दिवस. टाके अजून आहेत, दुखत नाही. सकाळी चूळ भरली तर बेसिनमध्ये मिठाच्या खड्यासारखे तीन-चार पांढरे कण पडलेले दिसले. कुस्करले तर फुटत नाहीत. भरलेलं सगळं निघून चाललंय का? नाकातून पाणी वगैरे येत नाही.

ओंजळ

नाही, काळजी नको. वरच्या थरातले काही सुटे कण पहिले दोन-तीन आठवडे बाहेर येतातच, खालचे तोवर रक्ताच्या गाठीत धरलेले असतात. तीन-चार कण म्हणजे काहीच नाही. चमचाभर येऊ लागले, टाके सुटून खड्डा उघडा दिसला, पाणी नाकात गेलं किंवा दुखणं कमी होऊन पुन्हा वाढलं, तर त्याच दिवशी दाखवा. नाहीतर टाके काढायच्या तारखेला डॉक्टरांना हेच सांगा, आणि जीभ तिकडे फिरवू नका.

पहाटवारा

जीभ सारखी तिकडेच जाते. प्रयत्न करते. टाके परवा काढायचे आहेत, पुढचा स्कॅन झाला की इथेच लिहीन.